कुळागराच्या डोक्यावरचा मातीचा बांध: पावसाआधी काय बघायचं आणि कोणी बघायचं?

२ जुलै २०१९ ची रात्र. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसहून अधिक माणसांचा जीव गेला. धरणाला गळती आहे, असं गावकरी आधीपासून सांगत होते. दुर्घटनेनंतर तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचं विधान केलं आणि राज्यभर त्यावरून वाद झाला.

तिवरे धरण सरकारी होतं. त्याची कागदोपत्री नोंद होती, त्याला खातं होतं, अभियंता होता, तक्रार कुठे करायची हे लोकांना माहीत होतं. एवढं असूनही ते फुटलं. मग ज्या बांधाची नोंद कुठल्याच सरकारी दप्तरात नाही, जो एका बागायतदारानं स्वतःच्या जमिनीत, स्वतःच्या पैशानं, जेसीबी लावून घातला, त्याचं काय?

पेडणे आणि डिचोली तालुक्यांत, तसंच सीमेपलीकडे दोडामार्ग-सावंतवाडीकडे, डोंगरातून येणारा व्हाळ अडवून पाणी साठवण्याची पद्धत जुनी आहे. पोफळी, माड, केळी, मिरवेलींना मार्च ते मे पाणी लागतं. खाली वायंगण शेती असेल तर तिलाही लागतं. पावसाळ्यात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत समुद्राला मिळतो. त्यामुळे व्हाळाच्या तोंडाशी मातीचा बांध घालणं हे शहाणपणाचंच काम आहे. प्रश्न बांध घालण्याचा नाही. घातल्यानंतर त्याच्याकडे कोण बघतं, हा आहे.

'लहान' म्हणजे किती?

बांध लहान दिसतो, पण हिशेब करून बघावा. समजा ६० मीटर लांब, ४० मीटर रुंद तळं आहे आणि सरासरी खोली दोन मीटर. त्यात ४,८०० घनमीटर पाणी मावतं. म्हणजे ४८ लाख लिटर, वजन ४,८०० टन. दहा हजार लिटरच्या टँकरनं न्यायचं म्हटलं तर ४८० फेऱ्या.

हे पाणी दहा मिनिटांत सुटलं तर सरासरी सेकंदाला आठ घनमीटर, म्हणजे आठ हजार लिटर पाणी व्हाळातून धावत जाईल. तेही माती, दगड, झाडं सोबत घेऊन. गुडघ्याएवढं पाणी जोरात असेल तर धडधाकट माणसाचाही पाय सुटतो. व्हाळाच्या काठावर घर, गोठा किंवा मजुरांची खोली असेल, तर तिथल्या माणसांना पळायला फार वेळ मिळत नाही. रात्रीची वेळ असेल तर मुळीच नाही.

आणखी एक गोष्ट. एकाच व्हाळावर वर-खाली दोन-तीन बांध असले, तर वरचा फुटल्यावर खालचाही जातो. पुणेकरांनी हे १२ जुलै १९६१ ला पाहिलं. पानशेतचं मातीचं धरण फुटलं आणि त्या पाण्यानं खालचं १८७९ चं दगडी खडकवासला धरणही फोडलं. आकार वेगळा, पण न्याय तोच. आपला बांध मजबूत आहे एवढं पुरत नाही, वरचा कसा आहे हेही माहीत असावं लागतं.

कायदा कुठून सुरू होतो

धरण सुरक्षा कायदा तिवरेच्या दुर्घटनेनंतर महिन्याभरात, २ ऑगस्ट २०१९ ला लोकसभेत मंजूर झाला. राज्यसभेची मंजुरी डिसेंबर २०२१ मध्ये मिळाली आणि ३० डिसेंबर २०२१ पासून तो लागू झाला. या कायद्यानं राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरण आलं, प्रत्येक राज्यात धरण सुरक्षा संघटना आली, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी सक्तीची झाली.

पण हा कायदा ठरावीक धरणांनाच लागू आहे. पायापासून माथ्यापर्यंत उंची १५ मीटरपेक्षा जास्त असेल तर धरण थेट कायद्यात येतं. उंची १० ते १५ मीटर असेल तर आणखी एखादी अट पूर्ण व्हावी लागते: माथ्याची लांबी किमान ५०० मीटर, किंवा साठा किमान १० लाख घनमीटर, किंवा पुराचा कमाल विसर्ग सेकंदाला किमान २,००० घनमीटर, किंवा पाया विशेष अवघड, किंवा बांधणी नेहमीपेक्षा वेगळी.

तिळारीचं मातीचं मुख्य धरण सुमारे ७३ मीटर उंच आहे, ते अर्थातच कायद्यात बसतं. पाच-सात मीटर उंचीचा कुळागरावरचा बांध मात्र बसत नाही. देशात सर्वाधिक मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत, दोन हजारांहून अधिक. गोव्यात अशी धरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे गोव्यात 'धरण' म्हटलं की लोकांना साळावली, अंजुणे, आमठाणे आठवतात. व्हाळावरचा खासगी बांध कोणी धरणात मोजतच नाही.

इतर देशांत काही ठिकाणी वेगळं माप लावतात. ब्रिटनमध्ये १९२५ साली वेल्समधल्या डोलगारोग गावावर एका अ‍ॅल्युमिनियम कंपनीचे बांध एकापाठोपाठ फुटले आणि १६ माणसं गेली. त्यानंतर १९३० मध्ये तिथे जलाशयांचा कायदा झाला. तिथे भिंत किती उंच याऐवजी पाणी किती साठलं हे बघतात. २५ हजार घनमीटर ही मर्यादा ठेवली होती, वेल्सनं २०१६ मध्ये ती १० हजारांवर आणली. मालक सरकार असो की शेतकरी, नोंदणी करावीच लागते.

केनियातल्या सोलाई इथे ९ मे २०१८ च्या रात्री एका खासगी शेतमळ्याचा मातीचा बांध जोरदार पावसात फुटला. किमान ४७ माणसं मेली. तो बांध परवान्याशिवाय होता, असं तिथल्या जलखात्यानं नंतर सांगितलं. नोंद नसलेल्या बांधाची आठवण यंत्रणेला कधी येते, याचं हे उदाहरण.

मातीचा बांध फुटतो कसा

सिमेंटच्या भिंतीवरून पाणी गेलं तरी ती बहुतेक वेळा टिकते. मातीच्या बांधाला ते चालत नाही. मातीच्या धरणांच्या अपयशाच्या अभ्यासांत दोन कारणं जवळपास निम्मी-निम्मी दिसतात. पहिलं, पाणी माथ्यावरून जाणं. दुसरं, पाणी बांधाच्या पोटातून वाट काढणं. उतार घसरून बांध बसणं हे तिसरं कारण, ते त्यामानानं कमी.

पहिलं कारण: सांडवा. जास्तीचं पाणी सुरक्षित बाहेर जावं म्हणून बांधाच्या कडेला, शक्यतो मूळ कातळात, जी मोकळी वाट ठेवतात तो सांडवा. खासगी बांधांत सगळ्यात जास्त कंजुषी इथेच होते. किती रुंद हवा, याचा ढोबळ हिशेब असा.

बांधामागचं पाणलोट क्षेत्र २० हेक्टर धरू. तासाभरात ८० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातलं ७० टक्के पाणी वाहून आलं, तर तासाला ११,२०० घनमीटर पाणी येतं. सेकंदाला साधारण तीन घनमीटर. हे पाणी अर्धा मीटर खोलीनं बाहेर जायचं तर सांडवा पाच ते सहा मीटर रुंद हवा. सांडव्याच्या उंबऱ्यापासून बांधाचा माथा एक मीटर वर असेल, तर अर्धा मीटर मोकळी उंची उरते. हे ठीक.

आता नेहमी काय होतं ते बघा. उन्हाळ्यात चार दिवस जास्त पाणी मिळावं म्हणून मालक सांडव्यावर फूटभर दगड-माती रचतो. तीस सेंटीमीटर गेले. मासे निसटू नयेत म्हणून जाळी लावतो. पहिल्याच मोठ्या पावसात पालापाचोळा, चुडतं, ओंडके येऊन जाळीत अडकतात आणि निम्मी रुंदी बंद होते. आता तेवढंच पाणी जायला सुमारे ८० सेंटीमीटर खोली लागते. तीस आणि ऐंशी मिळून एकशे दहा. माथा होता शंभरवर. पाणी बांधावरून गेलं. पाऊस तेवढाच, बांध तोच. फरक पडला तो फूटभर मातीनं आणि एका जाळीनं.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. अमेरिकेत जॉन्सटाउनजवळचं साउथ फोर्क हे खासगी क्लबच्या मालकीचं मातीचं धरण ३१ मे १८८९ ला फुटलं. २,२०९ माणसं गेली. वाहनांसाठी माथा रुंद करताना त्याची उंची कमी केलेली, पाणी सोडायचे जुने पाइप काढून टाकलेले, आणि मासे जाऊ नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या बसवलेल्या.

दुसरं कारण: पोटातली वाट. मातीच्या प्रत्येक बांधातून थोडं पाणी पाझरतं. ते पाणी स्वच्छ असेल आणि वाढत नसेल, तर घाबरायचं कारण नाही. पाझराबरोबर मातीचे कण येऊ लागले की बांध आतून पोकळ होऊ लागला आहे, असं समजायचं. ही पोकळी बाहेरच्या बाजूनं आत वाढत जाते आणि तळ्यापर्यंत पोचली की काही तासांत सगळं संपतं. अमेरिकेतलं टीटन हे ९० मीटरहून उंच, नवंकोरं धरण ५ जून १९७६ ला असंच गेलं. सकाळी गढूळ पाणी दिसलं, दुपारी बाराच्या सुमारास धरण फुटलं होतं.

लहान बांधात ही वाट बहुतेक वेळा पाइपाच्या कडेनं तयार होते. पाणी सोडायला पीव्हीसी पाइप टाकतात आणि वरून माती लोटतात. पाइपाखाली आणि बाजूला माती नीट दाबली जात नाही. पाणी पाइपाच्या आतून जायचं सोडून बाहेरून, त्याला चिकटून जाऊ लागतं. त्यावर उपाय असा, की पाइपाभोवती हातानं थर देऊन माती ठोकून बसवायची आणि बाहेरच्या टोकाकडे पाइपाला वेढणारा स्वच्छ वाळूचा जाड थर द्यायचा. वाळू पाणी जाऊ देते, माती अडवते.

मग खेकडे? खेकडे, उंदीर, घुशी, साळिंदर बांधात बिळं करतात, यात खोटं काही नाही. पण बिळं एका रात्रीत होत नाहीत. गवत कापलेलं असेल आणि कोणी महिन्यातून एकदा बांधावरून चालत असेल, तर ती दिसतात. बिळं दिसत नाहीत, कारण कोणी बघत नाही.

झाडांचंही तसंच. मोकळी जागा दिसली की माड किंवा फणस लावायचा, ही कोकणी माणसाची सवय. बांधावर ती महागात पडते. वाऱ्यात झाड उन्मळलं की मुळांबरोबर बांधाचा लचका जातो. झाड मेलं तर मुळं कुजून आत नळ्या तयार होतात. बांधावर फक्त आखूड गवत असावं.

वारुळाचा प्रश्न जरा नाजूक आहे. गोव्यात आणि सिंधुदुर्गात सातेरीचं रूप म्हणून वारूळ पूजलं जातं, त्यामुळे बांधावर वारूळ उठलं की कोणी हात लावत नाही. पण वाळवीची पोकळी आत खोलवर जाते. भावना राखूनही करण्यासारखं काही आहे. वारूळ कुठे आहे याची नोंद ठेवावी, तिथे पाण्याची पातळी चढू देऊ नये आणि जाणकार अभियंत्याला ती जागा दाखवावी.

तिसरं कारण: उतार. माती ज्या कोनात स्वतःहून बसते त्यापेक्षा उभा उतार दिला की तो कधीतरी घसरतो. लहान बांधाला पाण्याकडच्या बाजूला साधारण एक मीटर उंचीला अडीच ते तीन मीटर आणि बाहेरच्या बाजूला दोन मीटर पसरट उतार देतात. तळं एकदम रिकामं केलं तरी आतला उतार घसरू शकतो, कारण पाणी उतरलं तरी बांधातली माती अजून भिजून जड असते. म्हणून एरवी पाणी उतरवताना दिवसाला साधारण फूटभर, एवढाच वेग ठेवावा.

इथली माती

पेडणे-डिचोलीचे सडे जांभ्याचे. वरचा चिरा कडक असतो, पण त्याखाली पुष्कळदा पांढरट-पिवळसर, हाताला मऊ लागणारी माती असते. कोरडी असताना ती घट्ट वाटते, कापली तर भिंतीसारखी उभी राहते. पाणी लागलं की विरघळू लागते. या मातीचा ढेकूळ पाण्याच्या ग्लासात टाकून बघावा. काही मिनिटांत तो गळून पाणी दुधासारखं झालं, तर ती माती एकटी बांधाच्या गाभ्यात घालू नये.

जांभ्यात भेगा आणि पोकळ्याही असतात. बांध कितीही चांगला घातला, तरी पाया खणून खालची भेग बंद केली नाही तर पाणी बांधाखालून निघून जातं. आणि डिचोलीत खाणींचा मुलूख असल्यामुळे खाणमातीचे ढीग जवळच असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या निकालानंतर १६ मार्च २०१८ पासून गोव्यातल्या खाणी थांबल्या, तरी ढीग राहिले. ती माती सुटी, मिसळलेली, दगड-गोटे आणि बारीक गाळ एकत्र असलेली असते. स्वस्त मिळते म्हणून ती तपासल्याशिवाय बांधाला वापरू नये. आपल्या तळ्याच्या वरच्या अंगाला असा ढीग किंवा पाण्यानं भरलेला खंदक असेल, तर त्याचाही विचार सांडव्याच्या हिशेबात करायला हवा.

बांध घालताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे जेसीबीनं माती ओतणं आणि त्यालाच 'दाबणं' समजणं. माती १५ ते २० सेंटीमीटरच्या थरांत पसरून, योग्य ओलाव्यावर, रोलर फिरवून बसवावी लागते. ओलावा बघायची साधी खूण आहे: मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा, पण हाताला चिखल लागू नये. टेकडी कापून माती काढायची असेल किंवा सखल जमीन भरायची असेल, तर गोव्यात नगर नियोजन कायद्याच्या कलम १७-अ नुसार परवानगी लागते, हेही विसरू नये.

बांधावरची फेरी

यासाठी खर्च नाही. एक वही, एक काठी, एक बालदी आणि मोबाइल पुरतो. पहिली फेरी मे महिन्यात, मृग लागायच्या आधी. दुसरी पाऊस ओसरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास. आणि जोराचा पाऊस असेल तेव्हा रोज.

• सांडवा पूर्ण मोकळा आहे का? रचलेले दगड, जाळी, पाला काढला का?
• माथा सरळ आहे का? मध्येच खळगा असेल तर पाणी पहिल्यांदा तिथूनच जाणार.
• माथ्यावर लांबीच्या दिशेनं भेग आहे का? उतारावर फुगवटा किंवा बसलेला भाग दिसतो का?
• बाहेरच्या पायथ्याशी नवी ओल, दलदल किंवा एकाच पट्ट्यात गर्द हिरवं गवत दिसतं का?
• पाझराचं पाणी काचेच्या ग्लासात धरून बघितलं का? गढूळ असेल किंवा तळाला माती बसली, तर अभियंत्याला त्याच दिवशी बोलवावं.
• दहा लिटरची बालदी पाझराखाली भरायला किती सेकंद लागले? गेल्या वेळी ४० सेकंद आणि आज २० सेकंद असतील, तर पाझर दुप्पट झाला आहे.
• तळ्यात भोवरा फिरताना दिसतो का? तो दिसला तर वेळ फार थोडा आहे.

प्रत्येक फेरीला त्याच जागेवरून फोटो काढून ठेवावा. दोन वर्षांचे फोटो शेजारी ठेवले की डोळ्याला न जाणवलेला बदल लक्षात येतो.

धोका दिसला तर

आधी माणसं, मग बांध. व्हाळाच्या खालच्या अंगाला असलेल्या घरांना फोन करावा, फोन लागत नसेल तर माणूस पाठवावा. ११२ वर कळवावं, पंचायतीला आणि मामलेदार कार्यालयाला कळवावं. खालचं गाव महाराष्ट्रात असेल तर तिथल्या सरपंचाचा, तलाठ्याचा नंबर आधीपासून जवळ असावा. तो नंबर पूर आल्यावर शोधत बसायचा नसतो.

पाणी उतरवायचं तर पाइप, पंप, सायफन यांनी उतरवावं. बांधाचा माथा स्वतःच्या हातानं कधीही कापू नये. एकदा पाण्यानं मातीत वाट धरली की ती वाट रुंद होत जाते आणि आपणच बांध फोडलेला असतो. पाझर गढूळ येत असेल तर त्याच्या तोंडात चिखल कोंबून तो बंद करायलाही जाऊ नये. पाणी दुसरीकडून फुटतं. त्याऐवजी त्या जागी वाळू आणि तिच्यावर खडी टाकून पाणी येऊ द्यावं, माती अडवावी.

मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या कारम धरणाला ऑगस्ट २०२२ मध्ये गळती लागली. प्रशासनानं १८ गावं रिकामी केली आणि अभियंत्यांच्या देखरेखीखाली बाजूनं चर खोदून पाणी काढलं. शेतीचं नुकसान झालं, जीवितहानी झाली नाही. तिवरे आणि कारम यांच्यातला फरक समजून घ्यायला अभियंता असावं लागत नाही.

फुटला तर जबाबदार कोण?

'माझ्या जमिनीतलं माझं पाणी' हे पाणी तळ्यात असेपर्यंतच खरं. १८६८ साली इंग्लंडमध्ये रायलँड्स विरुद्ध फ्लेचर हा खटला निकाली निघाला. एका गिरणीमालकानं बांधलेल्या तळ्याचं पाणी शेजाऱ्याच्या कोळसा खाणीत घुसलं होतं. धोकादायक वस्तू आपल्या जमिनीत आणून साठवणाऱ्यानं ती सुटल्यास नुकसान भरून द्यावं, त्याची चूक सिद्ध करण्याची गरज नाही, असं तत्त्व तिथे ठरलं. पुढे भारतीय न्यायालयांनीही ते स्वीकारलं.

पण सिंचनाच्या तलावांबाबत एक महत्त्वाचा भारतीय खटला आहे. मद्रास इलाख्यातल्या कार्वेटीनगरमच्या जमीनदाराचे तलाव फुटून रेल्वेचं नुकसान झालं. १८७४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं रेल्वे कंपनीचा दावा मान्य केला नाही. असे तलाव देशाच्या शेतीसाठी आवश्यक आहेत, ते राखणं हे जमीनदाराचं कर्तव्यच आहे, म्हणून निष्काळजीपणा दाखवल्याशिवाय तो जबाबदार नाही, असा त्याचा आशय.

दोन्ही निकाल एकत्र वाचले की बागायतदाराला एक गोष्ट कळते. बांध शेतीसाठी आहे हा बचाव होऊ शकतो, पण तेवढ्यानं भागत नाही. काळजी घेतली होती हे दाखवावं लागतं. सांडवा मोकळा केल्याचा फोटो, वहीतल्या तारखा, अभियंत्याचा अहवाल, हेच कामाला येतं. आणि गळती वर्षभर दिसत असूनही काही केलं नाही, हे शेजाऱ्याच्या लेखी तक्रारीतून समोर आलं, तर उत्तर देणं कठीण जातं.

शेजाऱ्यालाही मार्ग आहे. धोकादायक बांधकाम किंवा तळ्यामुळे लोकांना अपाय होण्याचा संभव असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी मालकाला धोका दूर करण्याचा आदेश देऊ शकतात. पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ होतं. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडेही अधिकार आहेत. तक्रार तोंडी नको, लेखी द्यावी, फोटो जोडावा आणि पोच घ्यावी.

पंचायतीच्या पातळीवर

नवा कायदा येईपर्यंत वाट बघायची गरज नाही. पंचायतीनं आपल्या हद्दीतल्या तळ्यांची आणि बांधांची यादी एका वहीत केली तरी पुष्कळ होईल. मालकाचं नाव, फोन, बांधाची उंची, अंदाजे साठा, सांडव्याची रुंदी, आणि सगळ्यात महत्त्वाचं, बांध फुटला तर पाणी कुठल्या घरांपर्यंत जाईल. गोव्यातल्या पंचायतींनी जलस्रोत खात्याकडे आणि महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींनी जलसंधारण विभागाकडे मे महिन्यात एकदा अभियंता पाठवण्याची लेखी मागणी करावी.

आणि ती यादी सीमेपलीकडच्या पंचायतीलाही द्यावी. तिळारीचं पाणी वाढलं की ते साळ, इब्रामपूर, हणखणेच्या बाजूला काय करतं, हे २०१९ आणि २०२१ च्या पुरांत दिसलं. मोठ्या धरणातून पाणी सोडताना निदान इशारा देणारी यंत्रणा असते. व्हाळावरच्या खासगी बांधासाठी इशारा देणारा माणूस म्हणजे मालक, नाहीतर शेजारी.

बागायतदारावर संशय घेण्यासाठी हे सगळं नाही. व्हाळ अडवून त्यानं साठवलेल्या पाण्यावर खालच्या विहिरीही एप्रिल-मे मध्ये तग धरतात, हे गावाला माहीत असतं. म्हणून बांध टिकणं मालकाच्या जेवढं हिताचं, तेवढंच खालच्या घराच्याही. मृगाला अजून वेळ असेल तोवर काठी घेऊन दोघांनी मिळून एकदा बांधावरून चालून यावं. अर्ध्या तासाचं काम आहे.